सावलीचा व्यापार

इ. स. १८५० च्या मे महिन्यात ठाणे जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट हे चौक गावी मुक्कामास होते. मे महिन्यातला कोकणपट्टीचा उकाडा ज्यांनी सोसला आहे, त्यांना साहेबांची नजर समोरच्या डोंगराच्या माथ्याकडे का वळली हे वेगळे सांगावयास नको. आज ज्याला वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूने ते वर चढले. माथ्यावरचे दाट रान आणि तिथला गार वारा त्यांच्या मनात भरला, आणि त्याच वर्षी पाऊसकाळ सरल्यावर ते पुन्हा वर आले. पुढे त्यांनी बांधलेले ‘बाईक’ नावाचे घर हे माथेरानातले पहिले घर समजले जाते. नंतर १८५२ साली कॅप्टन बार यांचा बंगला उभा राहिला, आणि पाहता पाहता झाडीतून कौलारू छपरे डोकावू लागली.

मॅलेटसाहेबांनी माथेरान ‘शोधून काढले’ असे सर्व मार्गदर्शिकांत छापलेले असते. शोध या शब्दाची मोठी गंमत आहे. धनगर आपली जनावरे घेऊन या डोंगरावर किती पिढ्या राहत होते, ठाकूर आणि कातकरी मध, हिरडा, सरपण यांसाठी कोणत्या वाटांनी चढत-उतरत होते, याची नोंद कोणी ठेवली नाही, म्हणून ते शोधकर्ते ठरले नाहीत. नाव मात्र त्यांच्याच जिभेवरचे राहिले. माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी त्याची फोड बहुतेक सर्व जण करतात, आणि मला ती पटते. साहेबाने सगळ्या टोकांना आपल्या आवडीची नावे दिली. पण डोंगराचे नाव बदलण्याची बुद्धी त्याला झाली नाही, हे आपले भाग्यच. पुढील पाऊणदोनशे वर्षांत या डोंगरावर जो व्यापार चालला, त्याचे सगळे भांडवल या नावातच सांगून ठेवले आहे. माथा आणि रान. उंची सुमारे २,६०० फूट, म्हणजे हवा थंड. आणि रान आहे म्हणून सावली. या दोन गोष्टींखेरीज माथेरानाजवळ विकण्यासारखे काहीही नव्हते, आणि आजही नाही.

मुंबई इलाख्याचे थोरले थंड ठिकाण म्हणजे महाबळेश्वर. ते गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८-२९ च्या सुमारास वसले, आणि उन्हाळ्यात सरकार आपले दफ्तर घेऊन तेथे जाऊ लागले. तिथे जायचे म्हणजे बराच प्रवास, बराच खर्च आणि बरीच रजा लागे. माथेरानाचे तसे झाले नाही. लॉर्ड एल्फिन्स्टन हे १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर होते. त्यांनी येथे लक्ष घातले, आखणी करविली, आपल्यासाठी घरही बांधविले. परंतु सरकारी राजधानीचा डौल माथेरानाला कधीच लाभला नाही. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ पुढे सरकत होता. १८५३ साली गाडी ठाण्यापर्यंत आली, १८५४ साली कल्याणपर्यंत, आणि १८५६ साली खोपोलीच्या फाट्यापर्यंत जाताना डोंगराच्या पायथ्याचे नेरळ हे तिच्या मार्गावर आले. मुंबईच्या पेढीवाल्याला सकाळी कोटातले काम आटोपून संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी पोचता येऊ लागले. सरकार महाबळेश्वरला गेले आणि व्यापार माथेरानला आला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. पारशी, बोहरी, गुजराती, भाटिया यांचे बंगले आणि त्यांच्या रुचीची खानावळ-हॉटेले येथे वाढली, त्याचे मूळ या रेल्वेच्या वेळापत्रकात आहे.

पण नेरळला उतरल्यावर खरी यात्रा सुरू होई. तेथून माथ्यापर्यंत सुमारे सात मैलांची चढण. ती तट्टावरून चढायची, किंवा पालखीत अथवा डोलीसारख्या खुर्चीत बसून माणसांच्या खांद्यावरून. माथ्यावर पोचल्यावरही तेच. टांगा नाही, बग्गी नाही. रस्ते म्हणजे झाडांच्या मधून, डोंगराच्या कडेकडेने वळत जाणाऱ्या तांबड्या मातीच्या वाटा. जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा यांच्या फांद्या वरती एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे ऐन एप्रिलात दुपारी बारा वाजता चालत निघावे तरी डोक्याला ऊन लागू नये. येथे एक सरकारी अधीक्षक असे. डॉ. जे. वाय. स्मिथ हे असेच एक अधीक्षक. त्यांनी १८७१ साली माथेरानवर पुस्तक लिहिले, आणि त्याच्या नावातच डोंगरावरची माणसे, झाडेझुडपे आणि प्राणी या तिघांना एका ओळीत बसविले. आज ज्याला आपण परिसराचा अभ्यास म्हणतो त्याची ही एक साधी, जुनी पायरी. साहेबाला आपल्या आरामाची काळजी होती, आणि त्या आरामाचा सगळा मसाला झाडांत होता. तेव्हा झाडांची काळजी ओघानेच आली. यात फार मोठी निसर्गभक्ती शोधण्याचे कारण नाही.

हॉटेलांचा इतिहास येथून सुरू होतो. ‘रग्बी’ हे हॉटेल आपला जन्म १८७६ सालचा सांगते. त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. कापसाच्या तेजीने १८६० नंतरच्या चार-पाच वर्षांत अमाप पैसा आला आणि गेला, गिरण्यांची धुराडी एकामागून एक उठू लागली, वस्ती दाटली. शहराला जे जे मिळाले त्याबरोबर धूर, धूळ आणि गोंगाट हेही मिळाले, आणि १८९६ साली प्लेग आला तेव्हा ज्यांना पळता आले ते शहर सोडून पळाले. अशा शहरापासून पन्नास-पंचावन्न मैलांवर एक डोंगर आहे, तेथे चाकाचा आवाज नाही, धूळ आहे ती तांबडी आणि पायाने उडालेली, आणि हवा अशी की, न जेवणाऱ्यालाही भूक लागावी. हॉटेलवाल्याने यात काय केले? खोली दिली, चार वेळचे खाणे दिले आणि बाकीचे डोंगरावर सोपविले. माथेरानच्या हॉटेलांत राहण्याखाण्याचा एकच दर आकारण्याची चाल पडली आणि ती टिकली, याचे कारण व्यवहारीच आहे. पाहुण्याने दिवसभर पायी भटकायचे, एको पॉइंटपासून लुईझा पॉइंटपर्यंत जाऊन यायचे, आणि घंटा झाली की जेवायला परत यायचे. चालण्याने लागलेल्या भुकेचा खर्च हॉटेलवाल्याने आपल्या दरात अगोदरच धरलेला असे!

आता आगगाडीची गोष्ट; आणि ती जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण माथेरानाचे रक्षण तिने जितके केले तितके कोणत्याही कायद्याने शंभर वर्षे केले नाही.

सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले बोहरी समाजाचे मोठे व्यापारी. लष्कराला तंबू आणि चामड्याचा माल पुरवून त्यांनी संपत्ती मिळविली होती. माथेरानला त्यांचे येणे-जाणे असे. नेरळहून वर आगगाडी न्यावी ही कल्पना त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी उचलून धरली. पैसा घरचा होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे अरुंद रुळांच्या विद्येतले नाणावलेले इंजिनियर. मार्ग कसा न्यावा यात त्यांची बुद्धी होती. १९०४ साली काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावू लागली. सोळा लाख रुपये खर्च आला असे सांगतात. रूळ दोन फूट रुंदीचे, लांबी वीस किलोमीटरांच्या आसपास. चढ काही ठिकाणी वीस फुटांमागे एक फूट, आणि वळणे इतकी आखूड की, सर्वांत अवघड वळणाची त्रिज्या अवघी साठ फूट. साधे इंजिन अशा वळणावर रूळ सोडील, म्हणून ऑरेन्स्टाइन आणि कोप्पेल या जर्मन कारखान्याकडून टोकाच्या चाकांना वळणावर थोडे बाजूला सरकता येईल अशा रचनेची इंजिने मागविली. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी वाटेवरची स्थानके. ‘वॉटर पाइप’ हे काही गावाचे नाव नव्हे. चढून दमलेले इंजिन तेथे पाणी पिई, म्हणून नळ तेच स्थानकाचे नाव झाले. सबंध मार्गावर बोगदा एकच, तोही इतका छोटा की, त्याला चुंबनाचा बोगदा असे गमतीचे नाव पडले.

या गाडीचा गुण कोणता? ती लहान होती, हा. डबे थोडे, वेग अगदी बेताचा, पावसाळ्यात बंद. जेवढी माणसे ती वर आणू शके तेवढीच वर येत. हिल स्टेशनचा नाश एका दिवसात होत नाही. अगोदर रस्ता रुंद होतो, मग गाड्या येतात, गाड्यांना जागा हवी म्हणून झाडे जातात, झाडे गेली की सावली जाते, आणि सावली गेल्यावर ज्याला तेथे कशासाठी यायचे हे उमगत नाही असा पाहुणा यायला लागतो. त्याच्यासाठी मग निराळ्या करमणुकी काढाव्या लागतात. माथेरानला ही साखळी पहिल्याच कडीपाशी तुटली. १९०७ साली मोटार ही मुंबईतसुद्धा नवलाची वस्तू होती. पुढील दोन-तीन दशकांत ती बोरघाट चढून खंडाळा-लोणावळ्याला सहज जाऊ लागली, महाबळेश्वरलाही पोचली. माथेरानात ती आली नाही, कारण तेथे आगगाडी अगोदरच होती आणि डोंगराची चढण मोटारीला अनुकूल नव्हती. म्हणजे प्रारंभी हे धोरण मुळीच नव्हते. ती अडचण होती. अडचणीची सवय झाली, सवयीची रीत झाली, आणि रीतीचा पुढे अभिमान झाला. आपल्या देशातल्या पुष्कळ चांगल्या गोष्टी अशाच टिकलेल्या आहेत.

नंतर घाटातून रस्ता झाला, तरी तो दस्तुरी नाक्यापाशी थांबविण्यात आला. बाजारपेठ तेथून अडीच-तीन किलोमीटर. मोटार तेथे सोडायची, कर भरायचा, आणि पुढे पायी, घोड्यावर, हातरिक्षात, किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने जायचे. माथेरानची नगरपालिका १९०५ सालची, म्हणजे आगगाडीहूनही दोन वर्षांनी थोरली. ती आणि तिच्या गावाची सारी मिळकत या एका नाक्यावर तोललेली आहे.

हॉटेलवाल्याच्या वहीत हा नाका दोन्ही बाजूंना मांडावा लागतो. खर्चाच्या बाजूला पाहा: तांदळाचे पोते, भाजीची करंडी, गॅसची टाकी, बांधकामाची वीट, मोडलेल्या पलंगाची नवी फळी, हे सगळे नाक्यावर उतरवून घोड्याच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावरून आणावे लागते. लोणावळ्याच्या हॉटेलवाल्याच्या दारात टेम्पो उभा राहतो. पाणी शार्लट तलावाचे पुरत नाही, ते खालून उल्हास नदीतून उचलून आणावे लागते. पावसाळ्यात पाहुणे नाहीत. तेव्हा लोणावळ्याशी स्वस्ताईत बरोबरी करू म्हटले तर माथेरानचा हॉटेलवाला दोन हंगामांत दुकान बंद करील. जमेच्या बाजूला एकच रक्कम आहे, पण ती लोणावळ्याला कितीही पैसा ओतून मिळविता येणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला आणि लोणावळे मुंबईच्या इतके जवळ आले की, शनिवार-रविवारी तेथे मुंबईच अवतरू लागली. ज्या गोष्टीपासून पळून जायचे ती गोष्टच आपल्या आधी येऊन वाट अडवून उभी! माथेरानला जाणाऱ्याची ही फसगत निदान दस्तुरीच्या पुढे होत नाही.

येथे परक्या देशातले एक उदाहरण आठवते, कारण ते जवळजवळ जुळ्या भावंडासारखे आहे. स्वित्झर्लंडमध्ये मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी झेरमाट गाव आहे. तिथेही हॉटेलांचा धंदा १८५० नंतरच्या दशकातच रुजला; अलेक्झांडर झायलर हा त्या धंद्याचा मूळ पुरुष. तिथेही १८९१ साली छोटी आगगाडी गेली, आणि तिथेही पेट्रोलच्या मोटारी चार-पाच किलोमीटर अलीकडे, टेश गावी थांबतात. पुढे गावात विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या. ज्या गावाला मोटारीचा रस्ता नको तिथे कोण जाणार, असे म्हणणाऱ्यांना झेरमाटच्या हॉटेलांचे दर एकदा दाखवावेत. मात्र झेरमाटने आपली अडचण फार लवकर ओळखून तिचे भांडवल केले, आणि त्यासाठी लागणारी चोख व्यवस्था स्वतःच्या पैशाने उभारली. माथेरानने भांडवल केले खरे. व्यवस्था दुसऱ्याच्या पाठीवर टाकली. त्याविषयी पुढे लिहायचे आहे.

हल्ली जगभरच्या हॉटेलांना पर्यावरणाचा पुळका आला आहे. न्हाणीघरात सुबक अक्षरांत चिठ्ठी असते: पृथ्वीच्या रक्षणासाठी आपला पंचा पुन्हा वापरावा. या चिठ्ठीनेच एक शब्द जन्माला घातला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. जे वेस्टरव्हेल्ड नावाच्या एका अमेरिकन पर्यावरणवाद्याने १९८६ साली लेख लिहिला. धुलाईचा खर्च वाचवायचा आणि नाव पृथ्वीचे सांगायचे, या हॉटेलवाल्यांच्या शहाजोगपणाला त्याने ‘ग्रीनवॉशिंग’ म्हटले. मराठीत हिरवी रंगसफेदी म्हणू. माथेरानच्या जुन्या हॉटेलवाल्यांवर निदान हा आरोप येत नाही. त्यांनी चिठ्ठी ठेवली नाही, ते पर्यावरण हा शब्दही उच्चारत नव्हते. कॅप्टन बारच्या १८५२ सालच्या बंगल्याचे आमच्या काळात हॉटेल झाले आणि त्याला ‘रानातला व्हरांडा’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव मिळाले. विकायचे ते काय हे त्या नावाएवढे सरळ क्वचितच कोणी सांगितले असेल.

तथापि हॉटेलवाल्याला साधू ठरविण्याचे कारण नाही. सावली सर्वांची असते, खोल्या मात्र आपल्या असतात. एकाने मागच्या अंगणात दोन खोल्या वाढविल्या तर डोंगराचे काय बिघडले, असे त्याला वाटते. आणि त्याच्यापुरते ते खरेही असते. शेजारीही तोच विचार करतो तेव्हा अंगणे संपतात आणि रानाला हात लागतो. जुनी कौले उतरून सिमेंटचे मजले चढू लागले. मोऱ्यांचे पाणी दऱ्यांत सोडले गेले. जिकडेतिकडे प्लॅस्टिकच्या पिशव्या दिसू लागल्या. शंभर वर्षे जे रक्षण अडचणीने केले ते आता अडचणीला जमेना, तेव्हा कायदा आला. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि त्याच्या भोवतीचा २१४.७३ चौरस किलोमीटरांचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. नगरपालिकेच्या हद्दीत रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी यांखेरीज वाहन नको, असे त्यात लिहिले. रीतीला कायद्याचे कवच मिळाले.

गावाने या कायद्याचे स्वागत पेढे वाटून केले असे नाही. घराला एक खोली काढायची तरी परवाना, मुलगा वेगळा निघाला तर जागा कुठली, अशी तक्रार सुरू झाली, आणि ती खोटी नव्हती. रान राखा असे सांगणारे बहुतेक मुंबईत राहत होते. पण माझ्या मते या कायद्याचा सर्वांत मोठा लाभ ज्याने सर्वांत मोठी कुरकुर केली त्यालाच झाला आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या प्रदेशालाही २००१ साली असेच संरक्षण मिळाले होते. पण तेथे मोटार आधीच आत शिरून बसली होती. घरात शिरलेल्याला बाहेर काढणे आणि बाहेरच्याला दारातच अडविणे यांत फरक आहे. माथेरानला दुसरे काम करायचे होते.

डोंगरानेही मधूनमधून आपले मत कळविले. २६ जुलै २००५ च्या पावसाने आगगाडीचा मार्ग जागोजाग वाहून नेला; गाडी दोन वर्षे बंद राहिली. २०१६ साली डबे रुळांवरून घसरले आणि पुन्हा दीड वर्षाहून अधिक काळ सारे बंद. २०१९ च्या पावसात पुन्हा दरडी. नेरळहून वरपर्यंत गाडी पूर्ववत चालू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. या काळात माथ्यावरची अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी तेवढी लोकांच्या कामी आली. गाडी बंद पडली की पाहुणे मोटारीने दस्तुरीला येतात, आणि दस्तुरीवर एका वेळी किती मोटारी मावाव्यात याला मर्यादा आहे. जी मर्यादा दोन फुटी रूळ न बोलता पाळीत असत, ती आता नाक्यावर हुज्जत घालून पाळावी लागते.

आतापर्यंत मी हॉटेलवाला, पाहुणा आणि झाडे यांच्याविषयी लिहिले. चौथा माणूस राहिला. मोटार नाही म्हणजे चाक नाही असे नव्हे. माथेरानात चाक होते, ते माणूस ओढीत होता. हातरिक्षा! एक पुढे ओढणारा, दोन मागून ढकलणारे, आत बसलेला वृद्ध किंवा आळशी पाहुणा, आणि तांबड्या, दगडगोट्यांच्या वाटेवरचा चढ. चौऱ्याण्णव रिक्षांना परवाने होते. साडेचारशेच्या वर घोडे. आणि पाहुण्यांच्या पेट्या डोक्यावर घेऊन झपझप चालणाऱ्या बाया. शांततेचा जो दर हॉटेलात लागे, त्याचा मोठा हिस्सा या लोकांच्या गुडघ्यांतून आणि पाठीच्या मणक्यांतून वसूल होई; त्यांच्या हाती मात्र खेपेची मजुरी तेवढी पडे. धूर नाही, आवाज नाही असे आपण म्हणतो तेव्हा धापा टाकण्याचा आवाज आपल्या हिशेबात नसतो.

या डोंगराने सेवा करणारी माणसे दिली तसा एक वेगळाही माणूस दिला. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोटवाल जन्मला. साहेब-शेठांच्या हजामती करणाऱ्यांच्या घरातला हा मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, आणि सावकाराच्या तावडीतून कर्जत तालुक्यातला शेतकरी सुटावा म्हणून त्याने धान्यकोठ्या काढल्या. बेचाळीसच्या चळवळीत त्याच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात हिराजी पाटलासह तो पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. हुतात्मा भाई कोटवालांचे नाव माथेरानच्या पर्यटनपत्रिकांत शेवटच्या ओळीत येते, पॉइंटांची यादी संपल्यावर. डोंगरावर कोण कोणासाठी राबतो हा प्रश्न ज्याने विचारला त्याची जागा खरे तर बरीच वर आहे.

हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच अखेर हा प्रश्न न्यायालयात नेला. त्यांना मोटार नको होती. विजेवर चालणारी, धूर न सोडणारी तीनचाकी हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रयोगाला परवानगी दिली, आणि त्या डिसेंबरात सात ई-रिक्षा माथेरानच्या वाटेवर धावू लागल्या. शाळेत रोज मैलोगणती पायपीट करणारी मुले त्यांत बसून जाऊ लागली. घोडेवाल्यांनी विरोध केला, आणि त्यांच्या विरोधाला नुसता स्वार्थ म्हणून झटकणे बरे नव्हे; त्यांच्याही घरी चूल आहे. काही निसर्गप्रेमींनी विरोध केला, त्यांचे म्हणणे असे की, आज विजेची रिक्षा आली, उद्या तिच्यासाठी रस्ता गुळगुळीत होईल, परवा त्यावरून दुसरे काही येईल. ही भीती अगदी पोकळ आहे असे मला वाटत नाही. पण हिल स्टेशनची शोभा म्हणून माणसाने माणसाला ओढावे, या युक्तिवादाला तिने आधार देता कामा नये. ज्यांना जुनी रीत हवी आहे त्यांनी एका एप्रिलात दस्तुरीपासून बाजारापर्यंत रिक्षाच्या दांड्याला हात लावून पाहावा.

दरम्यान नाक्यावर दुसराच व्यापार फोफावला. नवखा पाहुणा उतरला की त्याला सांगायचे, गाडी बंद आहे, पुढे वाट नाही, घोड्यावाचून गत नाही. लोक फसू लागले, परत जाऊन इतरांना सांगू लागले. शेवटी मार्च २०२५ मध्ये गावकऱ्यांनीच माथेरान बंद ठेवले. ज्या गावात एका दिवसाची कमाई बुडाली तरी चटका बसतो, त्या गावाने आपण होऊन दुकाने आणि हॉटेले बंद करावीत, यावरून नाक्यावरच्या या फसवणुकीने गाव किती गांजले होते ते दिसते. दीडशे वर्षांची सावली नाक्यावरच्या पाच मिनिटांच्या थापेबाजीने वाया जाते, हे हॉटेलवाल्यांना उमगले होते.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. माणसाने ओढायच्या रिक्षा स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनी चालू राहाव्यात ही गोष्ट माणुसकीला धरून नाही, त्या सहा महिन्यांत बंद करा, असे त्यात सांगितले. ई-रिक्षा सरकारने घ्याव्यात आणि ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात. गुजरातेत केवडियाला स्त्रियांना अशा रिक्षा दिल्या आहेत, ती पद्धत पाहावी. आणि पैसा नाही ही सबब सांगू नये. रस्त्याचाही वाद त्यातच मिटविला. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य वाटेवर फरसबंदीच्या विटा बसवाव्यात, म्हणजे पावसात तांबडी माती वाहून जाणार नाही आणि रिक्षाला चढ चढता येईल. पुतळ्याच्या पुढच्या आतल्या वाटांना मात्र विटा लावायच्या नाहीत. त्या मातीच्याच राहतील, आणि लुईझा पॉइंटला किंवा शार्लट तलावाला जायचे तर जांभळीच्या सावलीतून चालतच जावे लागेल.